पन्नाशीच्या उंबरठ्यावर बॉक्सिंग: दुसऱ्या फेरीतच दम का संपतो?

प्रश्न : टेकडीकर, पुणे

नमस्कार. माझे वय ४८ वर्षे आहे. महाविद्यालयात असताना मी दोन वर्षे बॉक्सिंग केले होते. नंतर नोकरी, संसार आणि दिवसाचे दहा तास खुर्चीवर बसून करायचे काम यांत ते सुटले, ते सव्वीस वर्षे सुटलेलेच राहिले. गेल्या वर्षी मुलीला एका क्लबमध्ये सोडायला जाऊ लागलो आणि बाहेरच्या बाकावर तासभर वाट पाहत बसण्याऐवजी मीही पुन्हा हाताला पट्ट्या बांधल्या. त्याला आता चौदा महिने झाले असून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी नियमाने जातो. वरिष्ठ गटाची वयोमर्यादा चाळीस वर्षांची असल्यामुळे त्या स्पर्धांचा प्रश्नच येत नाही, आणि मला त्याची हळहळही नाही. हा खेळ त्याच्या शिस्तीत, नीट खेळता यावा एवढीच मनापासूनची इच्छा आहे.

माझी मुख्य अडचण दमसासाची आहे. तीन मिनिटांची पहिली फेरी चांगली जाते. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मात्र खांदे भरून येतात, हनुवटीपाशी असायला हवेत ते हात छातीपर्यंत उतरतात, आणि तिसऱ्या फेरीत मी ठोसे मारत नसून केवळ हात पुढे लोटत असतो. दम कमी पडतो आहे असे समजून मी आठवड्याचे धावणे १२ किलोमीटरवरून २५ किलोमीटरवर नेले. चार महिन्यांनंतर टेकडीचा चढ मला पूर्वीपेक्षा नक्कीच सोपा वाटतो, पण रिंगमध्ये काडीचाही फरक पडलेला नाही.

दुसरी तक्रार डाव्या कोपराची आहे. कोपराच्या मागच्या बाजूला, हाड जिथे हाताला लागते तिथे, शॅडो बॉक्सिंगनंतर, म्हणजे हवेत ठोसे मारण्याच्या सरावानंतर, ठणका लागतो. टांगलेल्या बॅगवर तितकाच वेळ सराव केला तर एवढे दुखत नाही, आणि हे कोडे मला उलगडलेले नाही.

तिसरी गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो. गेल्या महिन्यात क्लबमध्ये मला बावीस वर्षांच्या एका मुलासमोर स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभे केले. त्याचा उजवा हात निघालेला मला दिसला होता, पण मान हलवेपर्यंत ठोसा बसलाही होता. त्या रात्री डोके जड राहिले आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत साधे शब्द आठवायला वेळ लागत होता. दोन दिवसांत सगळे पूर्ववत झाले, म्हणून मी घरी काही बोललो नाही.

वजन ७८ किलो आहे, मधुमेह नाही, आणि गेल्या वर्षीपासून रक्तदाबाची एक गोळी सकाळी घेतो. आपल्यापैकी ज्यांनी चाळिशीनंतर बॉक्सिंग केले आहे किंवा शिकवले आहे, त्यांनी दमसास, तंत्र आणि स्पारिंग यांविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


उत्तर : जुना पवित्रा, देवळाली

टेकडीकर साहेब, मी सैन्यदलात बारा वर्षे बॉक्सिंग केले. आता माझे वय ६३ आहे आणि निवृत्तीनंतर मी मुलांना शिकवतो. त्या मुलांचे पालकही अधूनमधून ग्लव्ह चढवतात, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेली दुसरी फेरी मी अनेकांच्या बाबतीत जवळून पाहिली आहे. तुम्ही आठवड्याला २५ किलोमीटर धावता, त्या अर्थी तुमच्याकडे दम आहे. तो ठोशांत खर्च होण्याआधीच स्वतःचे अंग आवळून धरण्यात संपतो आहे, असे माझे मत आहे, आणि धावणे वाढवल्याने ही गळती थांबत नाही.

सुरुवात मुठीपासून करा. बहुतेक हौशी खेळाडूंची मूठ ग्लव्हच्या आत फेरीभर घट्ट आवळलेली असते. मूठ आवळली की मनगटापासून कोपरापर्यंतचा हात ताठरतो, त्यामागून दंड, मग खांदा आणि शेवटी मान. सतत ताणलेल्या स्नायूतून रक्त मोकळेपणाने वाहत नाही. त्यातच सोळा औंसांचा ग्लव्ह साधारण साडेचारशे ग्रॅमचा असतो, म्हणजे ताठरलेल्या खांद्यावर तुम्ही जवळजवळ अर्धा किलो वजन तीन मिनिटे टांगून ठेवता. खांदे भरून येण्याचे कारण हेच आहे. मूठ इतकी सैल असावी की आत विड्याचे पान ठेवले तर ते चुरगळू नये. ठोसा लागण्याच्या क्षणीच ती आवळावी आणि हात परत येताना पुन्हा सैल सोडावी. लिहायला हे दोन ओळींचे आहे, पण अंगवळणी पडायला माझ्या चांगल्या मुलांनाही पाच-सहा महिने लागतात.

दुसरी गोष्ट श्वासाची. तुम्ही बहुधा ठोशांच्या मालिकेत श्वास कोंडून धरत असाल. प्रत्येक ठोशाबरोबर दात मिटलेले ठेवून एक आखूड उच्छ्वास बाहेर पडला पाहिजे. आमच्या हॉलमध्ये मी डोळे मिटून उभा राहतो आणि केवळ त्या आवाजावरून कोण दमणार हे ओळखतो. चार ठोशांच्या मालिकेत चार वेळा आवाज यायला हवा. घरी कोणाला तरी तुमची एक फेरी मोबाइलवर टिपायला सांगा आणि ती पाहण्याऐवजी आधी नुसती ऐका.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायांची. वय वाढते तसा माणूस नकळत टाचांवर उभा राहू लागतो, आणि मागची टाच जमिनीला टेकली की ठोसा केवळ खांद्याच्या बळावर मारावा लागतो. पवित्रा असा असावा: पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, पुढच्या पायाचा चवडा किंचित आत वळलेला, मागची टाच सुटी, गुडघे मोकळे आणि वजन दोन्ही पायांवर सारखे. उजवा सरळ ठोसा मागच्या चवड्यापासून निघतो. तो चवडा फिरतो, त्याने कंबर फिरते, कंबरेने खांदा पुढे येतो आणि हात सर्वांत शेवटी पोहोचतो. मांड्या आणि कंबर हे शरीरातले मोठे स्नायू आहेत, ते लवकर थकत नाहीत. म्हणून ज्याचे पाय काम करतात त्याचे खांदे तिसऱ्या फेरीतही ताजे राहतात. पुढे सरकताना आधी पुढचा पाय, मागे येताना आधी मागचा पाय, आणि प्रत्येक पावलानंतर दोन पायांमधले अंतर पूर्वीइतकेच, हा नियम घरच्या फरशीच्या रेघांवर रोज दहा मिनिटे, हात न उचलता, गिरवा. हा सराव कंटाळवाणा वाटेल. तरीही एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर मी याच गोष्टीचा आग्रह धरीन.

तुमच्या कोपराचे कोडे तुम्हाला वाटते त्याहून सोपे आहे. बॅगवर ठोसा अडतो, हवेत तो अडत नाही. शॅडो बॉक्सिंगमध्ये तुम्ही जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पूर्ण ताकदीने सोडता, त्याला अडवणारे काही नसते आणि कोपर शेवटच्या टोकाला खटकन अडकते. हात पूर्ण सरळ होण्याच्या अगदी थोडे आधी तो परत फिरला पाहिजे. परत येण्याचा वेग जाण्याच्या वेगाइतकाच असावा, आणि ज्या रेषेत हात गेला त्याच रेषेत तो गालापाशी यावा. यासाठी एक जुना सराव आहे. भिंतीच्या अगदी लगत, डावा खांदा भिंतीकडे करून उभे राहा आणि कोपर भिंतीला घासू न देता संथपणे शंभर जॅब टाका. कोपर बाहेर उडत असेल तर भिंत लगेच सांगेल. शॅडो बॉक्सिंग निम्म्या वेगाने करा. त्यात ताकद लावायची नसते, आकार शोधायचा असतो.

आता वयाच्या बाबतीत. समोरच्याचा हात दिसला पण मान हलवायला उशीर झाला, असे तुम्ही लिहिले आहे. प्रतिक्रियेचा वेग वयानुसार थोडा कमी होतोच आणि तो सरावाने पूर्णपणे परत येत नाही, म्हणून अंतर वाढवायचे. तरुण मुलापेक्षा अर्धे पाऊल मागे उभे राहिलात, तर त्याला ठोसा पोहोचवण्यासाठी आधी पाय टाकावा लागतो, आणि पाय हातापेक्षा हळू असतो. नजर त्याच्या ग्लव्हवर न ठेवता छातीच्या वरच्या भागावर ठेवा, कारण हात निघण्याआधी खांदा सांगतो. पोटावर मारताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यांतून खाली या; पन्नाशीच्या पाठीला आणि डोक्याच्या सुरक्षिततेला दोन्ही दृष्टींनी तेच योग्य आहे.

अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनने ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास वेगासमध्ये वयाच्या ४५व्या वर्षी मायकेल मूररला हरवून जगज्जेतेपद परत मिळवले. ती लढत मी मुलांना आवर्जून दाखवतो. मूरर त्याच्यापेक्षा जवळजवळ एकोणीस वर्षांनी लहान होता आणि नऊ फेऱ्यांनंतर गुणांतही पुढे होता. दहाव्या फेरीत फोरमनचा जो उजवा ठोसा बसला तो आखूड आणि सरळ होता, त्यात कसलीही झेप नव्हती. त्याचे शरीर आपले नाही आणि त्याची ताकदही आपली नाही, परंतु नऊ फेऱ्या तो किती कमी हालचाल वाया घालवतो, हे पाहून शिकण्यासारखे आहे.


उत्तर : सांध्यांचा डॉक्टर, मुंबई

वरील उत्तर तंत्राच्या दृष्टीने उत्तम आहे, पण टेकडीकरांनी तिसऱ्या क्रमांकावर संकोचाने लिहिलेली गोष्ट मी पहिल्या क्रमांकावर घेतो. ठोसा लागल्यावर डोके जड राहणे आणि दुसऱ्या दिवशी शब्द न आठवणे ही मेंदूला हादरा बसल्याची लक्षणे आहेत. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून ती घटना किरकोळ ठरत नाही. आपण घरी सांगायला हवे होते, कारण अशा वेळी पुढच्या काही तासांत आणि दिवसांत माणसावर दुसऱ्या कोणाची तरी नजर असावी लागते. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, असाधारण झोप, बोलण्यात किंवा चालण्यात फरक, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठण्यास उशीर करू नये.

वयाचा इथे नेमका संबंध काय, तेही सांगतो. वाढत्या वयात मेंदू थोडा आकसतो आणि कवटी व मेंदू यांच्यामध्ये जागा वाढते. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात आणि हादऱ्याने फाटण्याची शक्यता वाढते. हा रक्तस्राव कधी कधी इतका संथ असतो की लक्षणे दिसायला आठवडे लागतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे अन्य कोणतेही औषध चालू असणाऱ्या व्यक्तीने डोक्यावर ठोसे घेण्याचे स्पारिंग करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हेडगार्डने भुवई फुटण्यापासून संरक्षण मिळते. कवटीच्या आत मेंदू हलतो, तो हेडगार्डने थांबत नाही. डोळ्यांचा मोठा उणे नंबर असेल तर नेत्रपटलाची तपासणीही आधी करून घ्यावी.

आपण रक्तदाबाच्या गोळीचा ओझरता उल्लेख केला आहे. ती गोळी कोणती, हे कृपया पाहावे. मेटोप्रोलॉल किंवा अटेनॉलॉल यांच्यासारखे औषध असेल, तर ते हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवते. अशा माणसाला जोराच्या श्रमात लवकर थकवा येऊ शकतो, आणि घड्याळातल्या नाडीच्या आकड्यांवर विसंबून व्यायामाची तीव्रता ठरवणेही त्याच्यासाठी चुकीचे ठरते. एरवी कमाल ठोक्यांचा अंदाज २०८ मधून वयाचा ०.७ पट वजा करून बांधता येतो, म्हणजे आपल्या वयाला सुमारे १७४. पण हे औषध चालू असताना हा हिशेब लागू होत नाही. गोळी स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये, कारण ती अचानक थांबवणे धोक्याचे असते. आपल्या डॉक्टरांना आपण बॉक्सिंग करतो हे सांगावे. पर्याय द्यायचा की नाही हे ते ठरवतील. त्याच भेटीत ईसीजी आणि ट्रेडमिलवरची ताण-चाचणी करून घ्यावी. आपल्याकडे हृदयविकार तुलनेने लवकरच्या वयात गाठतो, आणि बॅगवरची तिसरी फेरी हा हृदयावरचा मोठा ताण आहे.

धावणे वाया गेले असे मात्र समजू नये. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात श्वास आणि नाडी किती खाली येतात, हे त्याच पायावर अवलंबून असते. फक्त सगळे धावणे एकाच मध्यम वेगाने नको. आठवड्यातले बहुतेक धावणे बोलता बोलता करता येईल इतके सावकाश असावे आणि एक दिवस चढावर आखूड, जोराचे टप्पे घ्यावेत. पर्वतीच्या पायऱ्या यासाठी उत्तम आहेत: चढताना जोर, उतरताना पूर्ण सावकाशी, कारण गुडघ्यांना त्रास होतो तो उतरताना.

स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, परंतु त्यांना हाडाशी जोडणारे कंडर त्या मानाने फार हळू तयार होते, आणि चाळिशीनंतरच्या बऱ्याच दुखापती या तफावतीतून होतात. दोरीवरच्या उड्या थेट अर्ध्या तासाने सुरू केल्या की टाचेच्या मागचे कंडर दुखू लागते. अर्ध्या मिनिटाच्या उड्या आणि अर्ध्या मिनिटाची विश्रांती अशा सहा-आठ खेपांनी सुरुवात करावी. उडी जमिनीपासून इंचभरच असावी आणि खाली सिमेंट नसून लाकूड किंवा रबरी चटई असावी. त्याबरोबर पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करावा. बॅगवरच्या दोन जोरकस सत्रांमध्ये किमान एक दिवस मोकळा सोडावा. कोपराचा ठणका तीन-चार आठवड्यांच्या काळजीनेही गेला नाही, तर प्रत्यक्ष तपासून घ्यावा.


टेकडीकर, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, गोळीचे पाकीट पाहिले. ती मेटोप्रोलॉलच आहे. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पत्नीला त्या ठोशाविषयी सांगितले. ती रागावली आणि तिचे म्हणणे बरोबर होते.

काल मुलीने माझी बॅगवरची एक फेरी टिपली. पवित्रा साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे ती आधी नुसती ऐकली. पहिल्या मिनिटात मधूनमधून श्वासाचा आवाज येतो. त्यानंतर सलग अठरा-वीस सेकंद फक्त बॅगच्या साखळीचा आवाज आहे, आणि मग एकदम मोठा उसासा. मग चित्र पाहिले. उजवी टाच फेरीभर जमिनीला चिकटलेली आहे. हे मला चौदा महिन्यांत कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते.

एक शंका आहे. स्पारिंग पूर्ण बंद करावे का? त्याशिवाय हा खेळ शिकता येतो असे मला वाटत नाही.


उत्तर : दोरीवाली, कोल्हापूर

टेकडीकर दादा, मी ५३ वर्षांची आहे, शाळेत शिकवते आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ग्लव्ह घातला. मेरी कोमने २०१८ मध्ये दिल्लीत ३५व्या वर्षी सहावे जागतिक सुवर्णपदक जिंकले, ते पाहून मी बॉक्सिंग शिकायला गेले, हे खरे कारण आहे. तुमच्या शंकेचे उत्तर मला माझ्या अनुभवातून द्यावेसे वाटते.

आमच्या वर्गात आम्ही चौघे चाळिशीच्या पुढचे आहोत आणि डोक्यावर जोराने मारण्याचे स्पारिंग आमच्यापैकी कोणीही करत नाही. त्याऐवजी आम्ही तीन प्रकार ठेवले आहेत. पहिला प्रकार फक्त जॅबचा: दोघांनीही डावा हातच वापरायचा, आणि तोही स्पर्शापुरता. दुसऱ्यात एकाने फक्त मारायचे आणि दुसऱ्याने फक्त चुकवायचे किंवा तळहाताने अडवायचे. फेरी संपली की अदलाबदल. तिसऱ्यात ठोसे केवळ छातीखाली. नियम फेरीआधी दोघांनी मोठ्याने म्हणायचा आणि कोणाचा हात जड पडू लागला तर फेरी तिथेच थांबवायची, हे प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशीच पक्के करून दिले. अंतर, वेळ आणि नजर या तिन्ही गोष्टी मी यातूनच शिकले. बावीस वर्षांच्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला किती जोराने मारायचे हे कोणी सांगितलेच नसेल, आणि ते सांगणे मोठ्या माणसाचे काम आहे.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगते. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी मी खांद्याच्या उंचीवर, खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत बांधून घेते. पवित्र्यात उभी राहून एकेक पाऊल टाकत दोरीच्या खालून डोके डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे काढत जाते. डोके खाली जाते ते गुडघे वाकवून; पाठ सरळच राहते आणि नजर समोरच्या भिंतीवर. पहिल्या महिन्यात माझ्या मांड्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. दोरी मानेला घासली की समजायचे, आपण आळस केला. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या पुरेशा होतात.

ताकदीविषयीही थोडे लिहिते, कारण रजोनिवृत्तीनंतर हाडांसाठी मला ते आवश्यक होते आणि पुरुषांनाही ते टाळून चालणार नाही. आमच्याकडे तालमीची परंपरा असल्याने जोर-बैठका सगळ्यांना ठाऊक असतात, पण बॉक्सिंगमध्ये हात सतत पुढेच जात असतात, त्यात भर म्हणून पुन्हा जोरच काढले तर खांदे पुढे ओढले जातात. म्हणून जितके ढकलणे तितकेच ओढणे असावे: बारला लोंबकळणे, वजन कंबरेकडे ओढण्याचे व्यायाम, रबरी पट्ट्याने खांदा बाहेर फिरवणे. मी हलका मुद्गलही फिरवते. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध वस्तादांनी तो शिकवला आणि माझा आखडलेला उजवा खांदा त्याने मोकळा झाला. सर्वांना तसाच गुण येईल असा माझा दावा नाही. आहारात प्रथिने मोजायला लागल्यावर मला फरक जाणवला. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम हे प्रमाण आमच्या आहारतज्ज्ञांनी दिले, आणि भाकरी-भाजीच्या नेहमीच्या ताटात ते सहज भरत नाही. मोडाची कडधान्ये, अंडी, दही आणि सोयाबीन रोज ठरवून घ्यावे लागतात.


उत्तर : जुना पवित्रा, देवळाली

ताईंनी सांगितलेल्या तीन प्रकारांत मी एकाच गोष्टीची भर घालतो. हादऱ्याची लक्षणे पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच फक्त जॅबच्या फेरीपासून सुरुवात करावी, आणि तीसुद्धा ओळखीच्या, शांत डोक्याच्या जोडीदाराबरोबर. क्लबमधले कोणी आग्रह करत असेल तर सरळ नकार द्यावा. मी स्वतः सेवेत असताना नको तितके ठोसे घेतले, त्या काळी त्यालाच हिंमत समजत असत, आणि माझ्याबरोबरच्या काही जणांचे आजचे बोलणे ऐकले की मला वाईट वाटते.

तुमच्या तीन संध्याकाळींची मांडणी मी अशी करीन. पहिल्या दिवशी केवळ पाय, भिंतीजवळचा जॅब आणि निम्म्या वेगाची शॅडो बॉक्सिंग. घाम येईल पण धाप लागू नये. दुसऱ्या दिवशी पॅड (प्रशिक्षकाने हातात धरलेली गादी) आणि बॅग, एकूण सहा फेऱ्या. त्यातल्या पहिल्या तीन फेऱ्यांत ताकद निम्मी ठेवून प्रत्येक ठोशाला आवाज. पुढच्या तीन फेऱ्यांत प्रत्येक मिनिटातले वीस सेकंद जोरात आणि चाळीस सेकंद फक्त हालचाल व जॅब. तिसऱ्या दिवशी जोडीदाराबरोबरचा सराव आणि ताईंची दोरी. बॅगवर सोळाऐवजी बारा-चौदा औंसांचा ग्लव्ह चालेल, पण हाताची पट्टी साडेचार मीटरचीच घ्या. मनगटाला तीन-चार वेढे, मग बोटांच्या मुळांवर, मग बोटांच्या फटींतून, आणि शेवट पुन्हा मनगटावर. करंगळीच्या बाजूने ठोसा लागला की हाताचे हाड मोडते ते तिथेच, त्यामुळे लागायला हवीत ती पहिल्या दोन बोटांची हाडे आणि त्यांच्या रेषेत सरळ मनगट.


टेकडीकर, पुणे

आज सात आठवडे झाले, म्हणून कळवतो. ट्रेडमिलची चाचणी ठीक आली. डॉक्टरांनी सर्व ऐकून घेऊन गोळी बदलली, आणि पहिल्या पंधरा दिवसांत घरी रोज रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितला. तो स्थिर आहे. कोपराचा ठणका जवळजवळ गेला आहे, फक्त थंडीच्या सकाळी थोडा जाणवतो. क्लबमध्ये मी प्रशिक्षकांशी बोललो आणि आम्हा तिघा मोठ्या माणसांसाठी शुक्रवारी फक्त जॅबची फेरी सुरू झाली आहे.

स्वयंपाकघराच्या फरशीवर रोज सकाळी दहा मिनिटे पावले टाकतो. काल सहा फेऱ्यांच्या दिवशी मुलीने पाचवी फेरी टिपली. तिसऱ्या मिनिटात हात एकदा खाली आले, पण ते माझ्या लक्षात आले आणि मी ते परत गालापाशी नेले. आवाज जवळजवळ प्रत्येक ठोशाला आहे. उजवी टाच दमल्यावर अजून टेकते. साधारण सव्वादोन मिनिटांनी. त्या वेळी नेमके काय करावे, आधी पाय थांबवून पवित्रा सावरावा की हालचाल चालू ठेवूनच टाच उचलावी, हे पवित्रा साहेबांनी सांगितले तर पुढचा महिना मी त्यावरच काम करीन.


उत्तर : जुना पवित्रा, देवळाली

थांबू नका. एक पाऊल मागे या. मागे येताना आधी मागचा चवडा टाकावा लागतो, त्यामुळे टाच आपोआप सुटते, आणि तेवढ्या अंतरात एक पूर्ण श्वासही मिळतो. मग जॅब टाकत परत आत जा. सव्वादोन मिनिटांचे अडीच झाले की कळवा.